व्याह्यांचं पाणी

चावीवाले म्हटलं की लोकांना वाटायचं, हा माणूस कुलुपं दुरुस्त करतो. तसं काही नव्हतं. नगरपालिकेच्या पाणीखात्यात त्यांनी चौतीस वर्षं पाणी सोडायचं काम केलं. छातीएवढी लांब लोखंडी चावी रस्त्यातल्या चौकोनी खड्ड्यात उतरवायची, आत व्हॉल्व्हच्या डोक्यावर बसवायची आणि दोन्ही हातांनी फिरवायची, की त्या गल्लीला पाणी. पाऊण तासाने येऊन तो व्हॉल्व्ह बंद करायचा आणि पुढच्या गल्लीचा उघडायचा. रोज पहाटे साडेतीनला उठायचं. सुट्टी मागितली की साहेब विचारायचे, लोकांच्या तहानेला सुट्टी असते का, आणि हा भाबडा माणूस मान डोलवून परत यायचा. लोकांच्या लग्नाला गेले तर चावी मांडवाच्या खांबाला टेकवून ठेवायची, दोन घास खायचे आणि पळायचं. मोठी पाइपलाइन गावाबाहेर जिथे संपते तिथे चावीवाल्यांचं जगही संपायचं.

म्हणून निवृत्त झाल्यावर त्यांनी सायकल घेतली. बायको म्हणाली, या वयात लोक काठी घेतात. पण चावीवाल्यांना एकच ठाऊक करून घ्यायचं होतं, की पाइपलाइनच्या पुढे तो रस्ता जातो कुठे. सायकलला पिशव्या बांधायच्या, पांघरूण घ्यायचं, चार-सहा दिवस नुसतं चालवत राहायचं आणि संध्याकाळ होईल तिथे पथारी टाकायची, हे त्यांना इतकं मानवलं, की परत आल्यावर ते आठ दिवस बायकोला त्या रस्त्यांच्याच गोष्टी सांगत. तीही ऐकायची. साठीला आलेला नवरा पहिल्यांदाच कुठूनतरी परत येत होता.

एकट्याने कुठे जाता, म्हणून लेकीने सोबत जोडून दिली ती आपल्या सासऱ्यांची. हे व्याही वजनमापे खात्यातले निरीक्षक. दुकानदार त्यांना पाठीमागे ‘गुंजभर’ म्हणायचे, कारण गुंजभर फरक सापडला तरी हा माणूस तराजूला सील ठोकायचा. स्वतःच्या सख्ख्या मावसभावाच्या दुकानाला त्यांनी सील ठोकलं होतं आणि तो मावसभाऊ अजून त्यांच्याशी बोलत नाही. निवृत्त झाले तरी खिशातला छोटा ताणकाटा सुटला नव्हता. सहलीला निघण्याआधी ते प्रत्येक वस्तू काट्याला टांगायचे. टूथब्रशची दांडी अर्धी कापलेली, टॉवेल फाडून चतकोर केलेला, साबण नखाएवढा. पाण्याबद्दल तर त्यांचं म्हणणं ठरलेलं: लिटरला किलो, त्यात घासाघीस नाही, तेव्हा पाणी पोटात वाहावं, सायकलवर नाही.

चावीवाल्यांचं नेमकं उलट. रिकामी बाटली पाहिली की ते आधी नळ शोधायला लागायचे. त्यांच्या सायकलच्या मधल्या त्रिकोणात चेन लावलेली कापडी पिशवी होती, तिच्यात चार लिटरची रबरी पिशवी, तिची नळी वर हँडलपर्यंत. पुढच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना पट्ट्याने आवळलेल्या बाटल्या, मागे आणखी एक मोठी. सगळं पाणी एकाच भांड्यात कधी ठेवायचं नाही, एक काटा लागला की सगळंच जातं, हे ते दरवेळी सांगायचे. जड पाणी खाली आणि मध्ये, म्हणजे वळणावर सायकल ओढत नाही, हेही सांगायचे. व्याही सगळं ऐकून घ्यायचे आणि आपल्या पाऊण-पाऊण लिटरच्या दोन काळ्या बाटल्या तेवढ्या भरायचे.

आता व्याह्यांचं नातं तुम्हाला माहीतच आहे. भांडताही येत नाही आणि मोकळं हसताही येत नाही. ‘तुम्ही आधी’, ‘छे छे, तुम्ही आधी’ यात चहा गार होतो. तीन वर्षं बरोबर सायकल चालवून, एका पत्र्याखाली झोपून, एकमेकांचं घोरणं ऐकूनही या दोघांची ती भीड तसूभर कमी झाली नव्हती. चढावर दोघांची जीभ बाहेर आलेली असायची, पण कुणी थांबू म्हणायचं नाही, कारण समोरचा थांबू म्हणत नाही. शेवटी एखाद्याची चेन मुद्दाम पडायची.

गेल्या वर्षी घोटाळा झाला. भर रस्त्यात चावीवाल्यांच्या कमरेत कळ आली आणि ते सायकल टाकून रस्त्यावर गडाबडा लोळले. मुतखडा. दुधाच्या टेम्पोत घालून त्यांना जवळच्या दवाखान्यात नेलं, आणि लेक व जावई रात्रभर गाडी चालवत आले. डॉक्टर म्हणाले, पाणी कमी पडलं. चौतीस वर्षं गावाला पाणी पाजणारा माणूस स्वतः प्यायचा विसरला, यावर दवाखान्यातल्या नर्सेससुद्धा हसल्या. लेक मात्र हसली नाही. ती तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करायची, दिवसभर लोकांच्या लघवीचे रिपोर्ट लिहायची, तिला आकड्यांतलं सगळं कळत होतं. बाबांची सायकल तिने घरी आणून जिन्याखाली साखळीने बांधली, कुलूप लावलं आणि किल्ली आपल्या पर्समध्ये टाकली.

दहा महिने ती सायकल तिथे होती. चावीवाले गॅलरीत खुर्ची टाकून बसायचे. पहाटे साडेतीनला जाग यायचीच. मग दुसऱ्याच कुणीतरी सोडलेलं पाणी शेजाऱ्यांच्या टाकीत पडताना ऐकत राहायचे. कुणी विचारलं तर म्हणायचे, मजेत आहे. बायकोने शेवटी लेकीला सांगितलं, याला दे बाई ती किल्ली, हा माणूस असा बसून संपायचा.

लेकीने किल्ली दिली, पण अट घालून. पाच दिवसांची एक सहल करायची, परीक्षा म्हणून. रोज साडेतीन लिटर पाणी पोटात गेलं पाहिजे. रोज संध्याकाळी साडेसहाला ती फोन करणार, तोही बाबांना नाही. बाबा काहीही ठोकून देतील. फोन सासऱ्यांना. अण्णा आकडा सांगतील आणि अण्णांनी सांगितलेला आकडा म्हणजे सील मारलेला. एक दिवस जरी चुकला तरी सायकल शेजारच्या पोस्टमनला देऊन टाकायची. लेकीने हे सगळं शांतपणे सांगितलं, आणि शांतपणे सांगितलं की ती ते करते, हे चावीवाल्यांना चांगलं ठाऊक होतं.

पहिले दोन दिवस झकास गेले. रस्त्यात गावं होती, नळ होते, चावीवाले दर तासाला नळी तोंडात धरून शहाण्या बाळासारखे पीत होते. पहिल्या संध्याकाळी व्याह्यांनी फोनवर सांगितलं, तीन लिटर सहाशे. दुसऱ्या संध्याकाळी, तीन लिटर साडेपाचशे. तिने ‘बरं’ म्हटलं आणि फोन ठेवून दिला.

तिसरा दिवस माळरानाचा होता. नव्वद किलोमीटर, मध्ये एकही गाव नाही. नकाशात चाळिसाव्या किलोमीटरला एक हातपंप दाखवला होता, पुढे मुक्कामाला रस्त्याच्या कामावरची एक पत्र्याची शेड, आणि तिथून सकाळी पंधरा किलोमीटरवर पेट्रोल पंप. चावीवाल्यांनी पहाटे मुक्कामाच्या घरी टाकीखाली बसून आठ लिटर भरलं. व्याह्यांनी ती मागची मोठी बाटली काट्याला टांगली, दोन किलो शंभर ग्रॅम, आणि हळूच म्हणाले की वाटेत हातपंप आहे, मग हे ओझं कशाला, तुमच्या कमरेला त्रास. कमरेचं नाव काढलं म्हटल्यावर चावीवाल्यांना नाही म्हणवेना. त्यांनी ती बाटली अंगणातल्या झाडांना घातली. झाडांना घालताना जीव तुटत होता, पण व्याह्यांचा शब्द कसा मोडायचा.

हवा चांगली होती. ऊन होतं पण वारा गार होता, आणि माळ इतका मोकळा की पाइपलाइनच काय, विजेचा खांबसुद्धा नजरेला पडत नव्हता. चावीवाले गाणं म्हणत होते. ते फार वाईट गातात, पण व्याह्यांच्या पुढे अर्धा किलोमीटर होते, त्यामुळे कुणाचं नुकसान झालं नाही.

पंप होता. दांडाही होता. चावीवाल्यांनी तीन-चारदा हलवला तर नुसता सुस्कारा आला. खात्यातला माणूस, त्यांनी लगेच निदान केलं: पंप कोरडा पडलाय, आतला वायसर सुकलाय, याला आधी पाणी पाजावं लागतं, मग तो पाणी ओढतो. व्याह्यांनी विचारलं, नक्की ना? चावीवाले हसले. चौतीस वर्षांच्या अनुभवाला असं विचारतात का? त्यांनी पुढच्या चाकाजवळची भरलेली लिटरची बाटली सोडली आणि पंपाच्या डोक्यात सगळी ओतली. मग दोघांनी आळीपाळीने दांडा मारला. शंभर वेळा मारला. पंपाने ते एक लिटर पाणी गिळलं आणि थेंब दिला नाही. खाली विहीरच आटली होती.

चावीवाले पंपाच्या ओट्यावर बसले. पुढची दुसरी लिटरची बाटली येताना पिऊन झाली होती, आता उरलं काय, तर मधल्या पिशवीतलं चार लिटर. व्याह्यांच्या काळ्या बाटल्या दोन्ही रिकाम्या. चार लिटर, दोन माणसं, पन्नास किलोमीटर खडबडीत रस्ता आणि वर रात्र. मरायचा प्रश्न नव्हता, पण साडेतीन लिटरचा हिशेब केव्हाच बुडाला होता. चावीवाल्यांना स्वतःचा इतका राग आला होता, की तोंडात मारून घ्यावी. लेकीच्या सासऱ्याच्या वाट्याचं पाणी यांनी शेखी मिरवत पंपाला पाजलं. आणि तो माणूस एका शब्दाने दोष देत नव्हता, उलट म्हणत होता की चूक माझी, ती मोठी बाटली मी ओतायला लावली.

चावीवाल्यांनी नळी पुढे केली, घ्या. व्याही म्हणाले, आत्ता नको, झालंय माझं, तुम्ही घ्या, तुम्हाला गरज. चावीवाले म्हणाले, माझंही झालंय. अशी ती नळी दोनदा इकडून तिकडे गेली आणि पुन्हा हँडलला अडकली. दोघेही निघाले.

चावीवाल्यांनी मनाशी ठरवून टाकलं. हा माणूस मागून पिणार नाही, याला न विचारता द्यायला हवं. पुढच्या विश्रांतीला व्याही खडकाच्या आड गेले, तेवढ्यात चावीवाल्यांनी चपळाईने नळी लावून त्यांच्या दोन्ही काळ्या बाटल्या काठोकाठ भरल्या, बुचं लावली, पट्टे आवळले आणि काहीच झालं नाही अशा चेहऱ्याने टायर दाबून पाहू लागले. स्वतः फक्त जीभ ओली केली. व्याही आले, सायकल उचलली, क्षणभर थांबले, आणि निघाले.

पुढच्या थांब्यावर चावीवाले अंमळ आडवे झाले, टोपी तोंडावर घेऊन. उठल्यावर हळूच व्याह्यांच्या बाटल्या हलवून पाहिल्या तर दोन्ही रिकाम्या. त्यांना इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. प्यायले बिचारे, किती तहानलेले असतील. व्याही सावलीला बसून पायाचे बूट काढत होते, तोवर यांनी पुन्हा भरल्या. तिसऱ्या थांब्यावर तोच प्रकार. पुन्हा रिकाम्या, पुन्हा भरल्या. चावीवाल्यांना आता कौतुकाबरोबर जरा धास्तीही वाटू लागली, कारण हा किरकोळ अंगाचा माणूस तासा-दीड तासात दीड लिटर रिचवतो, मग रात्री काय करायचं? म्हणून त्यांनी आपला हात आणखी आखडता घेतला. दुपारभरात नळीतून चार-पाच घोट. तोंडाला कोरड पडली, ओठ चिकटले, लघवीचा रंग पाहून त्यांनी स्वतःच मान फिरवली. पण पिशवी पुरत होती. काय वाटप केलंय, असं वाटून मनात थोडी फुशारकीही होती. वर्षानुवर्षं उगाच नाही गल्ल्या सांभाळल्या.

शेवटच्या पाच किलोमीटरला कमरेत डाव्या बाजूला बारीकसं टोचलं. चावीवाल्यांच्या अंगावर काटा आला. ते पॅडलवर उभे राहिले, बसले, पुन्हा उभे राहिले. कळ नव्हती, नुसतं टोचत होतं. पण गेल्या वर्षीही असंच सुरू झालं होतं. माळावरचं ऊन पिवळं होत चाललं होतं, दूर शेडचा पत्रा चमकत होता, आणि त्यांना एकदम दिसलं, की हे शेवटचं आहे. हा रस्ता, हा वारा, पुढे न दिसणारं वळण, सगळं इथेच संपणार. उद्या दुसऱ्या टेम्पोत आपण असू, आणि मग जन्मभर गॅलरी. रडू आलं त्यांना. सायकलवर रडायला एक बरं असतं, वारा पुसून टाकतो.

शेड रिकामी होती. झाडून काढली, पथाऱ्या टाकल्या. सायकलवरून उतरल्यावर टोचणं थांबलं, कमरपट्ट्याचं बक्कल सरकून टोचत होतं, तेवढंच. पण जीव घाबरला तो घाबरलाच. व्याह्यांनी रोजच्या सवयीने काटा काढला. रोज संध्याकाळी उरलेल्या सामानाचं वजन करायची त्यांची पद्धत, त्याशिवाय त्यांना झोप लागायची नाही. काटा पत्र्याच्या खांबाला अडकवून त्यांनी चावीवाल्यांची पाण्याची पिशवी मागितली. चावीवाले मनात म्हणाले, काय उरलं असणार, चार घोट. चेन उघडली, पिशवी बाहेर ओढली आणि ती हातातून सुटायला आली. जड होती.

व्याह्यांनी टांगली. काटा खाली गेला, थोडा हलला आणि थांबला. साडेतीन किलो.

दोघांनीही पुन्हा पाहिलं. साडेतीनच. चावीवाल्यांनी मनात मोजलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना पाण्याचा हिशेब लागेना. चार लिटरच्या पिशवीतून आपण तीनदा दीड-दीड लिटर काढलं. म्हणजे साडेचार. आणि उरलं साडेतीन. एवढं सगळं घडताना या पाणीखात्यातल्या माणसाच्या डोक्यात हा प्रश्न एकदाही आला नव्हता. पिशवी पुरतेय याचं कौतुक मात्र मनसोक्त करून झालं होतं.

त्यांनी व्याह्यांकडे पाहिलं. व्याही काट्याचा हूक साफ करत होते, साफ असलेला.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. पहिल्या थांब्यालाच सायकल उचलताना व्याह्यांच्या हाताला कळलं होतं, की सायकल दीड किलोने जड झाली. त्यांच्या हाताला ते कळणार नाही तर कुणाला. पण बोलावं कसं? बोललं तर चावीवाल्यांनी चोरून पाणी दिलं हे उघड व्हायचं, आणि त्यांना ओशाळं वाटायचं. शिवाय मुतखडा चावीवाल्यांना, सूनबाईने जाताना हळूच हात जोडून सांगितलेलं, अण्णा, त्यांच्याकडे बघा. म्हणून चावीवाले टोपी तोंडावर घेऊन पडले की व्याही त्यांच्या मधल्या कापडी पिशवीची चेन हळूच उघडायचे आणि दोन्ही बाटल्या परत पिशवीत ओतायचे. स्वतः तेवढा एखादा घोट घ्यायचे, वजनाला कमी भरू नये इतकाच. दोन वेळा थांब्यावर, आणि तिसऱ्यांदा आत्ता, चावीवाले शेड झाडत असताना.

म्हणजे दुपारभर ते दीड लिटर पाणी माळावर या सायकलवरून त्या सायकलवर ये-जा करत होतं. आणि दोन्ही म्हातारे भरल्या पिशवीशेजारी वाळून कोळ झाले होते. चावीवाल्यांना आधी हसू आलं. मग व्याह्यांनाही आलं. ओठ फुटलेले, त्यामुळे हसताना दुखत होतं, तरी थांबवेना. एकमेकांच्या खांद्याला धरून ते दोघे इतके हसले की व्याही खाली बसले.

तेवढ्यात फोन वाजला. साडेसहा.

हसणं जागच्या जागी थांबलं. व्याही फोन घेऊन शेडमागच्या उंचवट्यावर गेले, तिथेच काय ती रेंज होती. चावीवाले त्यांच्या मागोमाग गेले. आज काय आकडा जाणार हे त्यांना माहीत होतं, आणि वाद घालण्यासारखं काही नव्हतं. सकाळपासून सव्वा लिटर. मुतखड्याच्या माणसाने, नव्वद किलोमीटर सायकल मारून, सव्वा लिटर. सायकल पोस्टमनकडे गेली. तो पोस्टमनही चांगला माणूस आहे, असं ते मनाला समजावत होते.

व्याह्यांनी फोन कानाला लावला. ‘हो,’ म्हणाले, ‘पोचलो. ठीक आहोत.’ मग पलीकडून नेहमीचा प्रश्न आला असणार, कारण ते थांबले. एकदा चावीवाल्यांकडे पाहिलं, मग लांब माळाकडे.

‘साडेतीन,’ ते म्हणाले.

चावीवाल्यांना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. पण व्याह्यांचे कान लाल झाले होते. सख्ख्या मावसभावाला न सोडलेला माणूस, जन्मात ज्याने खोटं माप पुढे जाऊ दिलं नाही, त्याने आत्ता सुनेला खोटा आकडा दिला होता, आणि तो देताना त्याचा आवाज इतका बारीक झाला होता, की चावीवाल्यांना ऐकवेना. पाण्याचं ठीक होतं. पाणी परत पिशवीत ओतता येतं. हे ओतून परत घेता येणारं नव्हतं. चावीवाल्यांनी पुढे होऊन फोन त्यांच्या हातातून काढून घेतला. तीन वर्षांत त्यांनी व्याह्यांच्या हातातून काही काढून घेतल्याची ही पहिलीच वेळ.

‘बाळा, सव्वा लिटर झालंय,’ ते म्हणाले. ‘अण्णांनी माझ्यासाठी सांगितलं तसं. त्यांना काही बोलू नकोस. चूक माझी आहे.’

मग त्यांनी सगळं सांगितलं. पंपाचं सांगितलं, बाटल्यांचं सांगितलं, साडेचार लिटरच्या हिशेबाचंही सांगितलं. काही लपवलं नाही. शेवटी म्हणाले की सायकल द्यायची तर दे, माझी काही तक्रार नाही, तू बोललीस तसंच कर. हे म्हणताना त्यांचा आवाज नीट राहिला, याचं त्यांना स्वतःलाच नवल वाटलं.

 पलीकडे तिच्या स्वयंपाकघरातला नळ चालू होता. मग तो बंद झाला.

‘अण्णांनी किती प्यायलं?’ तिने विचारलं.

‘दुपारनंतर? पाव लिटरसुद्धा नसेल.’

‘आणि आत्ता तुमच्याजवळ किती आहे?’

‘साडेतीन. काट्यावर बघितलं.’

‘फोन चालू ठेवा,’ ती म्हणाली. ‘पाणी घेऊन या आणि दोघंही प्या. मला आवाज ऐकू आला पाहिजे.’

चावीवाले धावत गेले आणि पिशवी घेऊन आले. व्याही काही विचारणार होते, पण चावीवाल्यांनी त्यांच्या हातात सरळ बाटली भरून दिली आणि स्वतः नळी तोंडात घेतली. फोन दोघांच्या मध्ये दगडावर ठेवला. पाणी कोमट होतं, रबराची चव लागत होती, आणि त्या दोघांनी ते घटाघटा, हपापल्यासारखं प्यायलं. श्वास घ्यायला थांबायचे आणि पुन्हा प्यायचे. व्याह्यांची हनुवटी भिजली, सदरा भिजला.  दगडावरच्या फोनमधून ती ऐकत होती.

‘झालं,’ चावीवाले शेवटी फोन कानाला लावून म्हणाले.

‘किती?’

‘माझं लिटरभर. त्यांचंही तेवढंच.’

‘उरलेलं झोपायच्या आत संपवायचं. अर्धं अर्धं,’ लेक म्हणाली.  तिचा आवाज जरा ओला लागला, पण बोलली ती नेहमीच्याच खरडपट्टीच्या सुरात. ‘आणि उद्यापासून मला रोज दोन आकडे हवेत. तुमचा अण्णा सांगतील, अण्णांचा तुम्ही सांगायचा. दोघांपैकी एकाचा जरी कमी आला तर मी येईन तिथे, लक्षात ठेवा.’ आणि तिने फोन ठेवला.

चावीवाले फोन हातात धरून उभे राहिले. व्याही दगडावर बसून त्यांच्या तोंडाकडे बघत होते. निकाल काय लागला हे विचारायची त्यांना हिंमत होत नव्हती, आणि न विचारता राहवतही नव्हतं.

‘काय म्हणाली?’

‘म्हणाली, उद्यापासून दोन आकडे सांगा.’

व्याह्यांनी ते ऐकलं. मान खाली घालून बाटलीचं बूच लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

‘म्हणजे उद्या आहे,’ ते म्हणाले.

‘आहे,’ चावीवाले म्हणाले, आणि मग मात्र त्यांना आवरलं नाही. ते व्याह्यांच्या शेजारी त्या दगडावर बसले आणि मोकळेपणाने रडले, आणि व्याही त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.